खाणीतल्या चौघी

चैतालीला थांबता येत नाही, हे कळंबच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. चहा निवायची वाट न बघता तोंड पोळून घेणार, एसटी पुरती थांबायच्या आत पायरीवर पाय ठेवणार आणि त्यावरून स्वतःच्याच वडिलांची बोलणी खाणार, कारण गुलाबराव कळंबच्याच डेपोत कंडक्टर. पण ही खोड खो-खोच्या मैदानावर तिच्या कामी आली. धाराशिवला वसतिगृहात राहून ती खेळली, जिल्ह्याच्या संघात गेली. पाठलाग करताना खांबाजवळ तिनं सूर मारला की समोरचीला कळायच्या आत पाठीवर थाप पडलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात राज्य स्पर्धेच्या तोंडावर, सरावातच, खांबाला वळसा घालताना तिचा डावा गुडघा आतल्या आत फिरला. आवाज तिला स्वतःला ऐकू आला. सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय चांगला होईल, पण वर्षभर मैदान विसरायचं. तिच्या जागी संघात शिवांजली गेली. शिवांजली तेरखेड्याच्या शेतकऱ्याची पोर, वसतिगृहातली तिची खोलीसोबतीण, जिवाभावाची. तिनं नंतर कितीदा तरी फोन केले. चैतालीनं एकही उचलला नाही.

तेव्हापासून ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर, पायाखाली उशी घेऊन, मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळत पडून असायची. एक संपला की दुसरा. सकाळ-संध्याकाळ गुडघ्याचे व्यायाम तेवढे आई करून घ्यायची, तेही भांडून.

थोरला भाऊ अमरदीप पुण्याला एका कंपनीत होता. तो सुट्टीला आला तेव्हा आपला जुना लॅपटॉप घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "ह्याच्यात एक गेम घालून आणलाय तुझ्यासाठी. पण आधीच सांगतो, तुला जमंलच असं न्हाय."

"का? मी काय अडाणी हाय का?"

"तसं न्हाय गं. हा जुन्या वळणाचा गेम हाय. पळापळ न्हाय ह्याच्यात. आपण एक चाल करायची, मग समोरच्यानं करायची. चाल करायच्या आधी अर्धा दिवस विचार कर, कुणी घाई करणार न्हाय. पण कुणी सांगणार बी न्हाय. नकाशा न्हाय, इकडं जा म्हणून बाण न्हाय. आणि माणूस मेलं की मेलं."

"मग लोकं खेळतेत कशाला असलं?"

"काहींना लई आवडतो, काही शिव्या घालतेत. तुझा स्वभाव बघता..." अमरदीपनं वाक्य अर्धवट सोडलं. "आठवडाभर बघ. न्हाय आवडला तर सांग, परत करता येतो, पैसे माघारी मिळतेत."

तो पुण्याला गेला त्याच दुपारी चैतालीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. 'स्वभाव बघता' हे तिला चांगलंच झोंबलं होतं.

खेळाचं नाव इंग्रजीत होतं. त्याचा अर्थ 'मिठाच्या खाणीखाली' असा काहीतरी. कुठल्याशा थंड देशातल्या दोन बहिणींनी घरात बसून तो तयार केला होता. चित्रं पाहून तिला हसूच आलं. चौकोनी फरश्यांची जमीन, तिच्यावर नखाएवढी माणसं आणि खाली मजकूरच मजकूर. एका डोंगरातली मिठाची खाण बंद पडली होती, आत गेलेले मजूर वर आलेच नव्हते. चार जण नेमायचे आणि त्यांना शोधायला खाली उतरायचं, एवढं तिला कळलं. बाकीचं तिनं वाचलंच नाही. सगळ्यात जोरात मारणारे चार गडी निवडले आणि उतरली.

पहिल्याच बोगद्यात मिठासारखे पांढरे कुत्रे आले. चैतालीनं चौघांनाही पुढं काढलं आणि मारा सुरू केला. तिची चाल झाली, मग कुत्र्यांची. कुत्रे एकट्या पडलेल्या गड्यावर सगळे मिळून तुटून पडत. थोड्याच वेळात चौघंही आडवे झाले. पडदा काळा झाला आणि मधोमध एक वाक्य आलं: वर कुणी तुमची वाट बघत नाही.

"आगाऊ कुठला!" चैताली म्हणाली आणि तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा ती मुद्दाम दुसऱ्या बोगद्यात गेली, तिथं कंदिलातलं तेल संपलं आणि अंधारात काय झालं ते दिसलंही नाही. तिनं लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की स्वयंपाकघरातून आई ओरडली, "मोडून ठेव आता त्येबी!"

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर त्या खेळाबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते शोधलं. लहानपणी असेच खेळ खेळलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमचे दिवस परत आले, असं ते म्हणत होते. बाकीचे म्हणत होते, वेळ फुकट गेला. एकानं लिहिलं होतं की ज्यांना धीर नाही त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. चैतालीनं ते दोनदा वाचलं. ज्या दिवसांची ही माणसं आठवण काढत होती तेव्हा ती जन्मलीही नव्हती, म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी येण्याचं काही कारण नव्हतं. आणि तिला धीर नाही हे ज्यानं लिहिलं, त्यानं तिला पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिनं मोबाइल बाजूला टाकला. अमरदीप काय म्हणतो ते नको, ह्या लोकांचंही नको, असं तिनं ठरवलं. खेळ वाईट निघाला तर खुशाल परत करू. पण तो वाईट आहे की आपणच तो नीट खेळलो नाही, हे आधी कळलं पाहिजे. रागात सोडायचा नाही. सोडायचाच झाला तर शांत डोक्यानं सोडायचा.

या वेळी तिनं सगळा मजकूर वाचला. अडलेले शब्द मोबाइलवर बघितले. तेव्हा कळलं की नेमायच्या माणसांमध्ये ढालवाली आहे, जखमा बांधणारी वैदू आहे, पुढं जाऊन वाट बघून येणारी चपळ पोर आहे आणि कंदील धरणारी आहे, जिला मारता येत नाही पण जिच्याशिवाय बाकीच्यांचं काहीच चालत नाही. त्या चौघी तिनं घेतल्या. नावं द्यायची वेळ आली तेव्हा फार विचार न करता तिनं आपल्या संघातली नावं घातली. ढालवाली पौर्णिमा, कारण त्यांची कर्णधार तशीच होती, धिप्पाड आणि शांत. वैदू सारजा. कंदीलवालीला तिनं वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींचं, कडूबाईंचं नाव दिलं. चपळ पोरीपाशी बोटं जरा थांबली. मग तिनं लिहिलं, शिवांजली.

खेळ बदलला, म्हणजे खेळ तोच होता, चैताली वेगळी खेळायला लागली. तिनं पौर्णिमाला बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं, की एका वेळी एकच कुत्रा समोर यावा. मागून शिवांजली वार करून परत ढालीआड यायची. एकदा तर तिनं चाल न करता नुसतंच 'थांबा' हे बटण दाबलं. ते बटण आहे हेच तिला आधी माहीत नव्हतं. कुत्रे आले, ढालीवर आपटले आणि मेले. चैताली दिवाणावर एकटीच मोठ्यानं म्हणाली, "हाण तिच्या!"

नकाशा आपला आपणच काढायचा होता. तिनं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीला चिकटवली आणि पेन्सिलीनं बोगदे काढत गेली. दिवाणावरून भिंतीपर्यंत कुबडी घेऊन जायचं, एक रेघ मारायची, परत यायचं. आईनं हे दोन दिवस बघितलं आणि व्यायामासाठी भांडणं बंद केलं.

गुलाबराव ड्युटीवरून आले की चपला काढता काढता भिंतीकडं बघायचे. एकदा त्यांनी विचारलंच, "ह्याचा उपयोग काय गं पुढं?"

"काही न्हाय, पप्पा."

"मग?"

"मला आवडतोय का, ते बघायलेय."

गुलाबरावांना हे उत्तर नवीन होतं. पोरीनं मैदान मागितलं तेव्हा त्यातून नोकरी लागते, पोलिसात, रेल्वेत कोटा असतो, हे त्यांनीच घरच्यांना समजावून सांगितलं होतं. इथं तसं काहीच नव्हतं. ते हातपाय धुवायला गेले.

सगळंच आवडत होतं असं नाही. सामानाची पिशवी आवरण्यात फार वेळ जायचा. कंदिलाचं तेल कुठल्या कप्प्यात टाकलं ते शोधताना तिचं डोकं फिरायचं. खेळ जपून ठेवायचा तर ठरावीक खोल्यांतच जाऊन दिवा लावावा लागायचा, आणि दुपारी लाइट गेली की लॅपटॉपची म्हातारी बॅटरी दम तोडायची, तेवढ्यातली सगळी मेहनत पाण्यात. चैताली चरफडायची, पण लाइट आली की पुन्हा बसायची. पहिल्या मजल्यावरच्या दारापर्यंत त्या चौघी जिवंत पोचल्या तेव्हा तिला खाऱ्या भिंतींची, टपटपणाऱ्या पाण्याची आणि त्या एवढ्याशा माणसांची काळजी वाटायला लागली होती. ते तिला कुणी कबूल करायला लावलं असतं तर तिनं केलं नसतं.

दाराआड एक जण बसला होता, खाणीचा जुना मुकादम, अर्धा माणूस आणि अर्धा मीठ. त्याच्याशी लढाई लांबली. चैतालीनं नीट चाली केल्या. ढाल पुढं, सारजा मागं, कंदील मधे. मुकादम खिळखिळा झाला. आता एकच वार बाकी होता. पौर्णिमाला पुढं सरकवून मग वार करायचा, हे शहाणपणाचं होतं, पण त्यात एक चाल जास्त जाणार होती. चैतालीच्या अंगात ते जुनं काहीतरी उसळलं. मैदानावर अशा क्षणी ती कधीच थांबली नव्हती. तिनं शिवांजलीला ढालीआडून बाहेर काढलं आणि वार केला.

वार चुकला.

मुकादमाची चाल आली. त्यानं हात उचलला आणि ती चपळ पोर फरशीवर पडली. पुढच्या चालीत पौर्णिमानं मुकादमाला लोळवलं, दार उघडलं, गाणंसुद्धा वाजलं. पण खाली ओळ आली: शिवांजली मरण पावली. तिचा कंबरपट्टा सोबत घ्यायचा का?

चैतालीनं लॅपटॉप बंद करून पाहिला, पुन्हा चालू केला. दार उघडलेलंच होतं. दार उघडताच खेळानं स्वतःहून दिवा लावून झालेलं सगळं जपून ठेवलं होतं. उरलेल्या तिघी उभ्या होत्या. चौथी जागा रिकामी.

रागही आला नाही. वाईट मात्र वाटलं, आणि कुठल्या शिवांजलीसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. वार चुकला हे नशीब. तिला पुढं काढणं, हे मात्र आपलं.

तिनं मोबाइल घेतला आणि फोन लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला.

"चैते?" शिवांजलीच्या आवाजात धास्ती होती. "काय झालं? घरचे बरे हायेत ना?"

"बरे हायेत. तू मेलीस."

"आँ?"

"गेममध्ये. तुझं नाव दिलं होतं एकीला. म्याच मारलं तुला. म्हणजे मुकादमानं मारलं, पण पुढं म्या काढलं."

मग शिवांजली म्हणाली, "इतके दिवस फोन उचलला न्हाइस तेव्हाच मारलं होतंस की. आता कुठं सांगायलीस."

चैतालीला रडू आलं. ती रडली, आणि शिवांजलीनं तिला रडू दिलं. शेवटी चैताली नाक पुसत म्हणाली, "राग तुझा न्हाय आला गं. तुला बघितलं की पायाची आठवण व्हायची. चुकलं माझं."

"उद्या येते," शिवांजली म्हणाली. "गेम दाखव मला. मी कशी मेले ते बघू दे."

ती खरंच आली, सकाळच्या एसटीनं, घरच्या शेंगा पिशवीत घेऊन. राज्य स्पर्धेत संघ उपांत्य फेरीत हरला ते तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. पळतीत, म्हणजे बचावाच्या डावात, ती लवकर बाद झाली होती, तेही लपवलं नाही. चैतालीनं विचारलं, कुठल्या खांबापाशी, कुणी बाद केलं, मॅट कशी होती. कितीतरी दिवसांनी ती खो-खोबद्दल बोलली, आणि बोलताना गुडघा दुखला नाही.

मग तिनं लॅपटॉप पुढं सरकवला. "घे. नवीन सुरू कर. मजकूर वाचून घे आधी."

शिवांजलीनं वाचायला सुरुवात केली. चार ओळींतच जांभई दिली. एक चाल केली. समोरच्याची चाल होईपर्यंत दोन शेंगा फोडून खाल्ल्या. तिसऱ्या चालीला म्हणाली, "ह्याच्यात पळायचं कुठंय?"

"पळायचं न्हाय. कुठं उभं राहायचं ते ठरवायचं."

"आणि हे असं किती वेळ?"

"दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेय मी. खाली अजून किती हायेत ठाऊक न्हाय."

"आगं बाई!" शिवांजलीनं लॅपटॉप परत केला. "मला कुणी पगार दिला तरी व्हणार न्हाय हे. तुला खरंच आवडायलंय? का घरात पडून पडून डोकं गेलंय तुझं? ह्यानं काय पाय बरा व्हणारय?"

मैत्रिणीला आवडला नाही म्हणून आपल्यालाही जरा कमी आवडायला लागलाय का, ते चैतालीनं मनात चाचपून पाहिलं. तसं काही झालं नव्हतं. पडून असल्यामुळं आपण खेळतोय का, हेही तिनं स्वतःला विचारलं. पडून असताना इतर पन्नास गोष्टी करता येत होत्या, आणि त्यातली एकही तिनं भिंतीवर पेन्सिलीनं काढली नव्हती.

"पाय व्यायामानं बरा व्हईल," ती म्हणाली. "हा मला आवडायलाय. तुला न्हाय आवडत, ते बी खरंच हाय. जबरदस्ती न्हाय."

"मग माझं नाव काढून टाक त्याच्यातनं."

"मेलीच हायेस."

दोघी इतक्या हसल्या की आई बाहेर येऊन बघून गेली. संध्याकाळच्या गाडीनं शिवांजली गेली. जाताना म्हणाली, "फोन उचलत जा," आणि चैताली म्हणाली, "उचलीन."

आठवडा संपत आला तसा अमरदीपचा फोन आला. "काय मग? करू का परत?"

"नको करू."

"आवडला?" त्याच्या आवाजातलं आश्चर्य लपलं नाही.

"जमतो मला. पण ऐक. पिशवीचं काम लई किचकट ठेवलंय त्यांनी. अक्षरं बारीक. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल त्यानं घेऊच नये. शिवांजलीसारखीला तर चुकून बी देऊ नको. पण ज्याला हरल्यावर आपलं कुठं चुकलं ते शोधायचं असतं ना, त्याला हा सोडवत न्हाय."

अमरदीपनं विचारलं, "मुकादमाला मारलंस तू?"

"मारलं. एक गेली त्याच्यात."

"माझा अजून पहिला मजला झाला न्हाय, चैते. तुझ्या आधी गेल्या वर्षी एक माझ्यासाठी बी घेतला होता, चारदा सोडला. मला वाटलं, मला न्हाय जमला तर तुला काय जमणार." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "दाराआड उभं कसं करायचं सगळ्यांना?"

"तुझं तू शोध की," चैताली म्हणाली, आणि दोघं हसले.

त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर तिच्या उरलेल्या तिघी आणि नवीन नेमलेली चौथी, सगळ्या एकदम गेल्या. वाटेत पाणी भरलं होतं आणि परतीचा बोगदा तिनं भिंतीवर उलटा काढला होता. पडदा काळा झाला, ते आगाऊ वाक्य आलं. चैतालीनं लॅपटॉप आपटला नाही. ती उठली, आता कुबडी लागत नव्हती, भिंतीपाशी गेली, चुकलेली रेघ खोडून नीट काढली आणि परत येऊन बसली.

गुलाबराव सुट्टीवर होते. खुर्चीत पेपर वाचता वाचता त्यांनी विचारलं, "मेले का सगळे?"

"व्हय. आता नवीन नेमायचे. ढालवाल्याला नाव सांगा पप्पा एखादं. मजबूत पाहिजे, हलणारं नको."

गुलाबरावांनी पेपर खाली ठेवला आणि खरोखर विचार केला. "उत्तरेश्वर दे. आमचा ड्रायव्हर. घाटात ब्रेक फेल झाला तरी त्याचा चेहरा हलत न्हाय."

चैतालीनं टाइप केलं. गुलाबराव खुर्ची ओढत दिवाणापाशी आले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ वाकले.

"कुत्रे दिसायलेत," ते म्हणाले. "आता कुणाची चाल हाय?"

"आपली," चैताली म्हणाली. "पण घाई न्हाय."